आईचे कपडे कुणाच्या सोयीचे?

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. तिचं वय चौऱ्याऐंशी. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात नेल्यावर तिथल्या सिस्टरनी कात्री घेतली आणि तिचं पोलकं गळ्यापासून बाहीपर्यंत कापून काढलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हात तसूभरही हलवता येत नव्हता, एक्स-रे काढायचा होता, दुसरा उपाय नव्हता. पण "आता कापते हं आजी" एवढं एक वाक्य कुणी आईला म्हटलं नाही, की शेजारचा पडदा ओढला नाही. हाड मोडल्याचं दुःख आईने पुढे फारसं बोलूनच दाखवलं नाही. "चार लोकांत माझं पोलकं कापलं गं," हे मात्र ती आजही सांगते.

घरी आली ती हात झोळीत अडकवून. सहा आठवडे हात वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नऊ वारांचं लुगडं एका हाताने नेसणं शक्यच नव्हतं. मग आम्ही सगळ्यांनी, म्हणजे दादाने, वहिनींनी, मी आणि दिवसा तिच्यासाठी ठेवलेल्या मावशींनी, पाच मिनिटांत ठरवून टाकलं: आता गाऊन. मीच लक्ष्मी रोडला जाऊन चार गाऊन घेऊन आले. दोन तपकिरी, एक राखाडी, एक काळपट निळा. मळखाऊ रंग बरे, असा हिशेब. हे सगळं बोलणं आईच्या खोलीत, तिच्या पलंगाभोवती उभं राहून चाललं होतं. आई जागी होती. तिला कुणी विचारलं नाही.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. कारण बाईने काय घालावं हे बाईनेच ठरवावं, असं शिबिराशिबिरांतून सांगत हिंडलेल्यांपैकी मी एक आहे. मुलींना शाळेत सायकल चालवता येईल असा गणवेश हवा म्हणून मी मुख्याध्यापकांशी भांडले आहे. आणि माझ्या स्वतःच्या आईच्या अंगावर काय असावं, हा प्रश्नच मला पडला नाही. तिचं वय झालं, ती पडली, आणि त्याबरोबर तिचा हा हक्क संपला, असं मी न बोलता धरून चालले.

पुढचे दोन महिने आई ओट्यावर येऊन बसली नाही. गुरुवारी भजनाला जमणाऱ्या बायका तिला भेटायला आल्या की ती पंखा चालू असतानाही गळ्यापर्यंत चादर ओढून घ्यायची. दर वेळी "आज बरं वाटत नाही" म्हणायची. पडल्यामुळे तिने मन घेतलं असेल, म्हातारपणी असं होतं, असं आम्ही आपसात बोलायचो. एकदा डॉक्टरांनाही विचारून झालं. शेवटी एका दुपारी, मी तिचे केस विंचरत असताना, ती म्हणाली, "अगं, साठ-पासष्ट वर्षं कासोटा घातलेली बाई मी. ह्या झग्यात अंगावर काही घातलंच नाही असं वाटतं. खालनं वारं लागतं. अशी मी चार माणसांत कशी येऊ?"

आणि मग जरा थांबून म्हणाली, "माझी कनवटसुद्धा गेली."

नऊवारी नेसणाऱ्या बायकांना कनवट म्हणजे काय ते सांगायला नको. तरुण मैत्रिणींसाठी सांगते. लुगडं कमरेला खोचताना जो पीळ पडतो त्यात बायका पैसे, कपाटाची किल्ली, तपकिरीची डबी असं काहीबाही लावून ठेवायच्या. आई दूधवाल्याचे, फुलवालीचे पैसे तिथूनच काढून द्यायची. नातवंडांच्या हातावर ठेवायची दहाची नोट तिथेच असायची. आम्ही आणलेल्या चारही गाऊनला खिसा नव्हता. आईचा चष्मा उशीखाली गेला, किल्ली वहिनींच्या पर्समध्ये गेली आणि पैसे दादाकडे. कुणी तिच्याकडून काही हिसकावून घेतलं नाही. कपडे बदलले आणि घरातला तिचा व्यवहार आपोआप बंद पडला. फुलवालीला पैसे द्यायला तिला मुलाला हाक मारावी लागू लागली.

आता कुणी म्हणेल, गाऊनला एवढी नावं कशाला ठेवायची? मी ठेवणारच नाही. माझ्या पिढीतल्या बायकांना गाऊनने किती मोकळं केलं ते मला चांगलं आठवतं. घरात दिवसभर सहावारी गुंडाळून स्वयंपाक, धुणीभांडी करणाऱ्या आम्ही. गाऊन घातला म्हणून सासऱ्यांनी जेवणाच्या पानावरून उठून जाणं, मग त्याच्यावर टॉवेल नाहीतर ओढणी घेऊन वावरायची तडजोड, हे सगळं आम्ही पाहिलं. पंजाबी ड्रेससाठीही अशीच लढाई झाली. त्यामुळे आईला गाऊन घालताना आपण तिला एका ओझ्यातून सोडवतो आहोत, असंच मला वाटत होतं. माझं चुकलं ते इथे. मी गाऊन घातला तो माझ्या मनाने, घरच्यांशी भांडून. तिच्या अंगात तो आम्ही घातला. कपडा तोच. एकीला त्याने मोकळं केलं आणि दुसरीला खोलीत कोंडलं.

आईच्या आयुष्याकडे पाहिलं तर तिच्या अंगावर काय असावं हे तिने एकदाही ठरवलेलं दिसत नाही. लहानपणी परकर-पोलकं, तेही थोरल्या बहिणीचं उतरलेलं. लग्नात लुगडं आलं, ते सासरच्या रीतीप्रमाणे. वडील गेल्यावर कुणी काही न बोलताच तिचे हिरवे, लाल रंग थांबले. नातेवाईक दिवाळीला आणत ते फिकट, बारीक काठाचं. विधवेच्या कपड्यावर आपल्या समाजाने किती बारकाईने लक्ष ठेवलं आहे ते आपण जाणतोच. केशवपन करून आलवण नेसायला लावलेल्या ब्राह्मण विधवांची परंपरा अजून फार जुनी झालेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली ठराव करावा लागला, की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं ह्या प्रथा बंद व्हाव्यात. बाईच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला असा दुसराच कुणी धनी असतो. आधी बाप, मग नवरा, मग नवऱ्याचं नसणं. म्हातारपणी हे धनीपण सोयीकडे जातं. धुवायला सोपं, बदलायला सोपं, मळ न दिसणारं. सोय कुणाची, हे कुणी विचारत नाही.

नऊवारीचा मला उमाळा आलेला नाही, हेही इथेच सांगून टाकते. कमरेला घट्ट आवळलेला कपडा, मग ती परकराची नाडी असो की लुगड्याचा पीळ, बाईचं अंग वर्षानुवर्षं कापत असतो. आपल्यापैकी कितीजणींच्या कमरेवर तो काळा पडलेला वळ आहे, आपणच पाहावं. २०२४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन भारतीय बायकांची हकिगत छापली. एक सत्तर वर्षांची, एक साठी उलटलेली. दोघींनाही कमरेशी, जिथे कपडा वर्षानुवर्षं घासत होता तिथे, बरी न होणारी जखम झाली आणि ती त्वचेच्या कर्करोगाची निघाली. पहिली परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी. म्हणजे लुगडंही निर्दोष नाही. धोतराच्या घट्ट गाठीमुळे होणाऱ्या अशाच रोगाबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं. हा रोग फार विरळा आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण कातडी सोलवटणं, खाज, जखम चिघळणं हे मुळीच विरळा नाही. म्हातारपणी कातडी पातळ होते, साधी शिवणही टोचते. नाडीऐवजी दोन बोटं रुंद, सैल पट्टा लावावा, तो रोज एकाच जागी येऊ देऊ नये, कमरेवर न भरणारी जखम दिसली तर लाजून झाकून न ठेवता दाखवावी, एवढं तरी प्रत्येकीला ठाऊक हवं.

म्हातारपणी शरीर बदलतं. ते कसं बदलतं हे आपल्याकडच्या कपडेवाल्यांना माहीतच नाही. पाठीला बाक येतो, त्यामुळे मागून कपडा आखूड होतो आणि पुढून लोळतो. बाजारातला गाऊन आईने घातला की पुढची किनार पायात यायची आणि मागून पोटऱ्या उघड्या पडायच्या. पुन्हा पडायला तेवढं निमित्त पुरे. खांदे पुढे झुकतात, म्हणून गळा मोठा होऊन एका बाजूने घसरतो. त्या गाऊनचा गळा आईच्या उजव्या खांद्यावरून सारखा उतरायचा आणि डावा हात तो सावरण्यात अडकून राहायचा. बोटांचे सांधे सुजले की पोलक्याचा हूक काजात जात नाही. खांदा आखडला की हात मागे जात नाही, वर जात नाही. पाय सुजतात. वजन महिन्या-दोन महिन्यांत कमी-जास्त होतं. दुकानात मात्र एल, एक्स-एल आणि डबल एक्स-एल एवढीच मापं. एल म्हणजे काय, तर तिशीतल्या ताठ बाईचं शरीर थोडं मोठं केलेलं.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढच्या बायका सुमारे ५ कोटी ३० लाख होत्या, साठीपुढच्या पुरुषांपेक्षा जास्त. एवढ्या बायकांच्या मापाचा कपडा बाजारात नाही. शिवणवर्गात गेलात तर पहिल्या धड्यात झबलं-टोपडं असतं. नुकत्या जन्मलेल्या जिवाला काय टोचेल, त्याची मान कशी सावरायची, गाठी कुठे याव्यात, याचा विचार आपल्या आज्यांनी करून ठेवला आहे. बाक आलेल्या पाठीचं पोलकं कसं बेतायचं हा धडा मात्र पहिलाही नाही आणि शेवटचाही नाही. गंमत अशी, की शिवलेली नऊवारी आज बाजारात सर्रास मिळते. पाडव्याच्या शोभायात्रेत, लग्नात, नाचाच्या कार्यक्रमात मुली ती घालतात. चकचकीत काठांची, सिंथेटिक कापडाची, दोन मिनिटांत चढवायची. म्हणजे लुगडं शिवता येतं! जिने ते जन्मभर नेसलं आणि जिला आता ते नेसता येत नाही, तिच्यासाठी मऊ सुती कापडात ते शिवावं असं मात्र कुणाला सुचलं नाही. तिच्याकडून बाजाराला काही मिळायचं नाही ना!

पुरुषांच्या कपड्यांकडे पाहा. सदरा पुढून उघडतो, त्याला खिसा असतो. लेंगा सैल असतो. धोतर सुटलं की लेंगा आला, लेंग्यावरून लुंगी आली, आणि म्हातारबांची अब्रू कुठे गेली नाही. माझे एक काका बनियन-लेंग्यावर ओट्यावर बसून आल्यागेल्याशी गप्पा मारत. त्याच वयाच्या काकूंना पोलक्याचा एक हूक निसटला तरी आत जावं लागे. पुरुषांनाही म्हातारपण चुकत नाही, त्यांनाही कुणीतरी कपडे घालतंच. पण ज्या कपड्यांत त्यांनी जन्म काढला तेच मुळी हात-पाय हलवण्यासाठी बेतलेले. आपले बेतले गेले ते झाकण्यासाठी. शरीर थकतं तेव्हा हा फरक उघडा पडतो.

आता वहिनींची बाजू. ती मांडली नाही तर हा लेख खोटा ठरेल. रोज सकाळी आईला न्हाऊ घालणं, अंग पुसणं, कपडे घालणं, रात्री दोनदा उठून तिला संडासाला नेणं, हे त्या करत होत्या. मी दुपारी दोन तास यायचे आणि "आईला लुगडंच नेसवू या" म्हणायचे. एके दिवशी वहिनी मला शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही नेसवून जाता. रात्री दीड वाजता ते सोडून, ओलं झालेलं बदलून पुन्हा नेसवायचं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनींचं स्वतःचं वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात. मावशी बारा तासांच्या पाळीवर येतात, महिन्याला दोन सुट्ट्या, त्यांचा खांदा कायम धरलेला. गाऊन सोयीचा कुणाला, तर ह्या दोघींना. आणि त्यांची सोय ही काही चैन नव्हे.

आपल्याकडे २००७ सालचा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार असं स्पष्ट लिहिलं आहे. वस्त्र हा शब्द कायद्यात आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसतं. जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांची, असं त्यात म्हटलं आहे. त्या यादीत सून नाही. प्रत्यक्षात हूक लावणारी, ओलं बदलणारी, धुणारी बहुतेक घरांत तीच, नाहीतर पगारी बाई. म्हणजे कायद्याने जबाबदारी ज्याची तो पैसे देतो, आणि जिचं नाव नाही ती राबते. अशा वेळी म्हाताऱ्या बाईची इच्छा आणि सांभाळणाऱ्या बाईची दमछाक ह्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात आणि सासू-सुनेचं भांडण म्हणून त्याची वासलात लावली जाते. भांडण त्या दोघींचं नाहीच. दोघींच्या अंगाचा विचार न करता कपडा शिवला गेला, आणि काम एकीवरच पडलं, हे खरं दुखणं आहे.

आईने आणखी एक गोष्ट लपवली होती. ती पाणी कमी प्यायला लागली होती. लघवीला वारंवार जावं लागू नये, जाताना कुणाला हाक मारावी लागू नये, गाऊन वर धरताना हात अपुरा पडू नये, म्हणून. शेवटी लघवीला जळजळ, ताप, आणि पुन्हा दवाखाना. कपड्याचा प्रश्न हा मनाच्या नाजूकपणाचा आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. कपडा वेळेत सुटत नाही म्हणून तहान मारणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपल्या आसपास पुष्कळ आहेत. त्या सांगत नाहीत एवढंच.

मग आम्ही काय केलं? प्रथम आईला विचारलं. एवढं साधं काम, ते करायला आम्हाला दोन महिने लागले. पेठेत घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना घरी बोलावलं. त्यांनी आईला बसवून माप घेतलं, उभं करून घेतलं, आणि "आजी, हात कुठवर जातो ते दाखवा" म्हणाल्या. आजवर कुठल्याही शिंप्याने बाईला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. वहिनी आणि मावशीही बसल्या होत्या. रात्रीचं काय, धुण्याचं काय, हे त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "माझी आई गावाकडं दंड घातलेलं जुनंच लुगडं नेसायची. नवं टोचतं म्हणायची." त्यावरून ठरलं, की नवं कापड आणायचं नाही, आईच्याच जुन्या लुगड्यांतून शिवायचं. कुठलं कापायचं ते आईने निवडलं. "इरकलीला हात लावायचा नाही," हे तिने आधीच बजावलं.

शिवलं ते असं. खालचा भाग कमरेभोवती गुंडाळायचा, निऱ्या शिवून टाकलेल्या, आणि मागे वीतभर एकावर एक येणारा. कमोडवर बसताना तो मागून आपोआप बाजूला होतो, उचलून धरावा लागत नाही. कमरेला नाडी नाही, रुंद मऊ पट्टा, आणि तो बसवायला वेलक्रो. वरचं पोलकं पुढून पूर्ण उघडणारं, हुकांऐवजी मोठी टिचबटणं, काखेत कळी घालून सैल केलेलं, पाठीत दोन इंच जास्त आणि पुढे तेवढंच कमी. पदराचा तुकडा वेगळा, खांद्यावर टिचबटणाने अडकवायचा. बाईंनी विचारलं, "मागे कासोट्यासारखं काही शिवू का?" आई म्हणाली, "खोटा कासोटा नको. काठाची पट्टी तेवढी लाव मधोमध." आणि पुढे, डाव्या हाताला, खोल खिसा. रंगाचं विचारलं तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "एखादं पोलकं डाळिंबी कर." वीस वर्षांत तिने तो रंग अंगाला लावला नव्हता.

रात्रीसाठी गाऊनच ठेवला. हे तिचंच म्हणणं. "रात्री कोण बघतंय? सुनेची झोप मोडायला नको," म्हणाली. तेच गाऊन आखूड करून घेतले, गळा लहान केला, पुढे बेंबीपर्यंत उघडा करून टिचबटणं लावली आणि खिसा शिवला. एका गाऊनला ऐंशी रुपये खर्च आला.

दोन-तीन गोष्टी अनुभवाने कळल्या त्या सांगते. दुखरा हात बाहीत आधी घालायचा, चांगला नंतर. काढताना उलट, चांगला आधी, दुखरा शेवटी. पक्षाघात झालेल्यांनाही हाच नियम. वेलक्रो बंद करून मगच धुवायचा, नाहीतर त्यात धागे अडकून तो महिन्याभरात निकामी होतो. शिवणी आणि गाठी बसताना, निजताना अंगाखाली येतील अशा जागी नकोत. जी दिवसभर अंथरुणावरच असते तिच्या कपड्याच्या मागे जाड पट्टी, बटण काही नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, तिला जेवढं स्वतः करता येतं तेवढं करू द्यायचं. आई आता एका हाताने पाच टिचबटणं लावते. तिला दहा मिनिटं लागतात. आम्ही लावली तर अर्धं मिनिट. ती दहा मिनिटं तिची आहेत.

हे सगळं आम्हाला जमलं, कारण आमच्याकडे थोडे पैसे होते, माणसं होती, जवळ शिवणारी होती. ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय? श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यात औषध आणायचं, की पोलकं शिवायचं? अनेक म्हाताऱ्या सुनेच्या नाहीतर मालकिणीच्या उतरलेल्या साडीवर दिवस काढतात. वृद्धाश्रमांना आपण जुन्या साड्या देऊन येतो. त्या सहावारी, सिंथेटिक, सुळसुळीत साड्या कोण नेसणार, कोण नेसवणार, याचा विचार देताना करतो का? म्हणून काही मागण्या आपल्या गटांनी लावून धरायला हव्यात. शिवणवर्गांत म्हाताऱ्या शरीराचं माप हा धडा असावा. शिवणकाम करणाऱ्या बचत गटांनी असे कपडे शिवावेत आणि सरकारी दवाखान्यांनी, वृद्धाश्रमांनी ते विकत घ्यावेत. दवाखान्यात कपडा कापण्याआधी, काढण्याआधी एक वाक्य बोलावं आणि पडदा ओढावा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

आणि घरातल्या पुरुषांनी हात लावावा. दादाने आईला कपडे घालावेत हे आईला चालत नाही. तोही तिचा हक्कच आहे, त्यावर वाद नको. पण धुणं, वाळत घालणं, निसटलेली बटणं लावणं, शिवणाऱ्या बाईंकडे खेपा घालणं ह्याला तिची हरकत नाही. साठी उलटलेल्या दादाने ह्या वर्षी पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. बटण थोडं वाकडं लागलं. चालेल.

आई आता संध्याकाळी ओट्यावर बसते. सणावाराला तिला इरकलच हवी असते. तेव्हा वहिनी आणि मी मिळून नेसवतो, चांगली पाऊण तास चालते ती कसरत, आणि तासाभरात "सोडा गं आता" म्हणते. आम्ही सोडतो. रोज मात्र ती शिवलेलं घालते आणि फुलवाली आली की डाव्या खिशात हात घालते.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या पुष्कळजणी आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. आपल्या आयांचं करता करता आपलीही पाळी येणार. आपण काय घालू, कुणाच्या हातून घालू, कुठला रंग, खिसा कुठे, हे बोलायला सुरुवात आत्ताच करू या. घरात सांगून ठेवू या, हवं तर लिहून ठेवू या. तुमच्या घरी कुणी असा कपडा बेतला असेल, काही युक्ती काढली असेल, तर माप आणि आकृतीसह अंकाकडे जरूर पाठवा. आमच्या शिवणाऱ्या बाई त्यांचे कागदी बेत द्यायला तयार आहेत.